बाह्य मूत्रसंग्राहक
बाह्य मूत्रसंग्राहक : मूत्राशयावरील ताबा सुटलेल्या पुरुषाचे मूत्र शरीरात नळी न घालता गोळा करण्याचे साधन. शिश्नावर बसविलेला पातळ कोष, त्यास जोडलेली नळी व पायास बांधलेली पिशवी असे त्याचे भाग असून ते सर्व विजारीखाली झाकले जातात.

जर्मन शल्यचिकित्सक फाब्रीट्सिउस हिल्डानुस (१५६०–१६३४) यांनी डुकराच्या मूत्राशयापासून केलेल्या अशा साधनाचे वर्णन केले आहे. रबराचे व्हल्कनीकरण साध्य झाल्यावर (१८३९) लवचिक व धुता येणारी साधने शक्य झाली. दुसऱ्या महायुद्धात मेरुरज्जूस इजा झालेल्या सैनिकांसाठी लूटव्हिख गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे उपचारकेंद्र उघडले. रुग्णास पुन्हा कामाला लावणे हे तेथील उद्दिष्ट होते आणि मूत्राची व्यवस्था ही त्याची पहिली अट होती. महाराष्ट्रात खडकी (पुणे) येथे १९७४ मध्ये अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. भारतात १९६८ पासून अल्प दरात मिळू लागलेल्या ‘निरोध’लाच नळी जोडून हे साधन घरगुती रीतीने तयार करण्यात येई, पुढे चिकट सिलिकोन कोष आले.

कोष योग्य मापाचा असावा व रोज बदलावा. घट्ट पट्टीमुळे रक्तप्रवाह थांबून गंभीर इजा होते. मूत्र तुंबत असल्यास हे साधन निरुपयोगी ठरते. त्याने मूळ विकार बरा होत नाही; मात्र कपडे भिजण्याच्या धास्तीने नोकरी सोडण्याची वेळ टळते.