पोस्टमनच्या नावाचं पत्र: अमेरिकन टपालखात्याच्या आरोग्यविम्याची गोष्ट

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या पोस्टमनला लोकांची पत्रं वाटता वाटता स्वतःच्या नावाचंही एक पाकीट येतं. पुढच्या वर्षी आरोग्यविम्याची कोणती योजना ठेवायची ते ठरवा, असा त्याचा मजकूर. या मुदतीला तिकडे ‘ओपन सीझन’ म्हणतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंद. निवृत्तांनाही हेच पत्र जातं.

आपल्याला काय त्याचं, असं कोणी म्हणेल. तर दोन कारणं आहेत. एक, आपल्यापैकी काहींची माणसं तिकडे या नोकरीत असतील किंवा निवृत्तीच्या जवळ आली असतील. दुसरं मोठं आहे. म्हातारपणी औषधपाणी बघू, असा शब्द सरकारने दिला आणि पुढे तो शब्द जमाखर्चाच्या वहीत गेला की त्याचं काय होतं, हे या गोष्टीत स्वच्छ दिसतं. म्हणून जरा मागून सुरुवात करू.

१९५९ साली अमेरिकन काँग्रेसने केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा कायदा केला आणि १९६० च्या जुलैपासून तो लागू झाला. सरकार स्वतः दवाखाने चालवणार नव्हतं. अनेक योजना समोर ठेवायच्या, कर्मचाऱ्याने एक निवडायची, हप्त्याचा काही भाग सरकारने भरायचा, अशी ती रचना. यातल्या काही योजना तर टपाल कामगारांच्या युनियनच चालवत आणि आजही चालवतात. सर्वात महत्त्वाचं म्हणजे निवृत्तीनंतरही विमा चालू राहणार होता. पगार बेताचा असला तरी ‘म्हातारपणाची सोय आहे’ या एका वाक्यावर लोक या नोकरीत टिकायचे.

१९६५ साली ६५ वर्षांवरच्या नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ आलं. त्याचा भाग ए म्हणजे इस्पितळाचा खर्च आणि भाग बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या वगैरे. भाग बीला दरमहा वेगळा हप्ता. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या पगारातून मेडिकेअरचा कर कापायला सुरुवात झाली ती मात्र १९८३ पासून. त्यामुळे टपालखात्यातल्या निवृत्ताकडे खात्याचा विमा असायचाच, शिवाय भाग बी घ्यायचा की नाही हे त्याच्या मर्जीवर. काहींनी घेतला. काहींनी ‘दोन-दोन हप्ते कशाला’ म्हणून सोडून दिला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मध्ये १९७० चा संप झाला. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या पोस्टमननी काम थांबवलं आणि बघता बघता दोन लाखांवर कर्मचारी संपावर गेले. केंद्रीय कर्मचाऱ्याने संप करणं बेकायदा होतं, तरीही. पत्रं वर्गवारी करायला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये सैनिक पाठवले. सैनिकांना ते काम काही जमेना! आठवड्याभरात संप मिटला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टपालखात्याच्या पुनर्रचनेचा कायदा झाला. १९७१ पासून खातं सरकारी मालकीची, पण स्वतःचा खर्च स्वतः भागवणारी संस्था बनलं. कामगारांना पगाराच्या वाटाघाटींचा हक्क मिळाला. पण इथेच एक गाठ बसली. पुढे निवृत्तांच्या विम्याचा बोजाही तिकिटांच्या विक्रीतूनच निघायला हवा होता.

ही गाठ २००६ साली आवळली गेली. त्या डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने टपालखात्याला सांगितलं की निवृत्तांच्या भावी आरोग्यविम्यासाठी आत्ताच पैसे बाजूला काढा. २००७ ते २०१६, दरवर्षी साधारण साडेपाच अब्ज डॉलर. बाकी बहुतेक सरकारी खात्यांवर असा बोजा नव्हता. ‘अजून जन्माला न आलेल्या कर्मचाऱ्यांसाठीही पैसे भरायला लावले’ असं समाजमाध्यमांवर फिरतं, ते खरं नाही. हिशेब नोकरीत असलेल्यांचा आणि निवृत्तांचाच होता. तरीसुद्धा रक्कम प्रचंड होती, आणि वेळ तर फारच वाईट निवडली गेली. २००६ सालीच अमेरिकेत टपालाची संख्या सुमारे २१३ अब्ज नगांवर पोचली होती. तो उच्चांक ठरला. मग मंदी आली, बिलं ईमेलवर गेली, आणि २०२१ पर्यंत आकडा १२९ अब्जांच्या आसपास उतरला.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये खात्याने पहिल्यांदा हप्ता चुकवला. त्यानंतर चुकवतच राहिलं. वर्तमानपत्रांत दरवर्षी ‘टपालखातं बुडालं’ असे मथळे यायचे. त्या तोट्याचा मोठा भाग म्हणजे हा न भरलेला हप्ता होता, हे मथळ्यात कुठून मावणार? पोस्टमन रोज फेरी मारतच होता. पण त्याच्या विम्याकडे आता वॉशिंग्टन ‘देणं’ म्हणून बघायला लागलं होतं.

२०२२ साली तोडगा निघाला. प्रतिनिधीगृहात ३४२ विरुद्ध ९२, सिनेटमध्ये ७९ विरुद्ध १९. दोन्ही पक्ष एकत्र येणं तिकडे आजकाल दुर्मीळच. ६ एप्रिल २०२२ ला राष्ट्राध्यक्ष बायडेन यांची सही झाली. आगाऊ पैसे भरायची अट गेली, थकलेले सुमारे ५७ अब्ज डॉलर वहीतून पुसले गेले. बदल्यात काय? टपालवाल्यांना केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सामायिक विम्यातून काढून त्यांच्यासाठी स्वतंत्र योजनासंच केला गेला. १ जानेवारी २०२५ पासून तो सुरू झाला. आणि यापुढे निवृत्त होणाऱ्यांना ६५ नंतर विमा टिकवायचा तर मेडिकेअरचा भाग बी घेणं बहुतेकांना सक्तीचं झालं. मघाशी म्हटलेली ‘मर्जी’ इथे संपली.

हिशेब साधा आहे. मेडिकेअर आधी बिल भरणार, टपालाचा विमा उरलेलं भरणार, म्हणजे खात्याचा खर्च कमी. खात्याचा युक्तिवाद असा की आमचे लोक वर्षानुवर्षं मेडिकेअरचा कर भरतात, मग त्याचा फायदा का घेऊ नये? त्यात तथ्य आहे. पण भाग बीचा हप्ता निवृत्ताच्या खिशातून जातो, हेही तितकंच खरं. २०२६ साली तो दरमहा २०२ डॉलर ९० सेंट आहे, आणि नवरा-बायको दोघांना लागू असेल तर दुप्पट.

म्हणून आधीच्या लोकांना सूट दिली गेली. १ जानेवारी २०२५ ला किंवा त्याआधी निवृत्त झालेल्यांनी भाग बी घेतलेला नसेल तर त्यांच्यावर सक्ती नाही. त्या दिवशी नोकरीत असून वय ६४ किंवा जास्त असलेल्यांनाही नाही. वय ६५ च्या पुढे गेलं तरी प्रत्यक्ष नोकरीत आहे तोवर ही अट लागत नाही. परदेशात राहणाऱ्या निवृत्तांनाही सूट आहे, फक्त पुरावा द्यावा लागतो. हे आपल्या लोकांच्या कामाचं. कोणी निवृत्त होऊन पुण्याला किंवा मडगावला कायमचं परत यायचं म्हणत असेल, तर मेडिकेअर इथल्या इस्पितळाचं बिल सहसा भरत नाही. आपली टपालाची योजना परदेशातल्या उपचारांचं काय करते, हे तिच्या माहितीपत्रकात आधी वाचायला हवं.

आता तुमचं कोणी तिकडे टपालखात्यात असेल तर एवढं नक्की कळवा:

१. निवृत्तीनंतर विमा न्यायचा तर निवृत्तीआधीची सलग पाच वर्षं विमा असावा लागतो. पन्नाशीत ‘हप्ता वाचवू’ म्हणून सोडला तर साठीत पस्तावाल.

२. निवृत्त झाल्यावर विमा रद्द केला तर सहसा परत मिळत नाही.

३. आपल्यामागे जोडीदाराचा विमा चालू राहावा असं वाटत असेल, तर जोडीदार योजनेत हवा आणि त्याच्या नावे कुटुंबनिवृत्तिवेतनही लावलेलं हवं. एकच असून चालत नाही.

४. भाग बी वेळेवर घेतला नाही तर उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे दहा टक्के दंड, तोही सहसा आयुष्यभर.

५. मेडिकेअर असलेल्या निवृत्ताला औषधांसाठी भाग डी योजनेतूनच आपोआप मिळतो. त्याला ‘नको’ म्हटलं तर औषधांचं संरक्षण जातं, आणि हप्ता मात्र कमी होत नाही.

६. काहीच केलं नाही तर चालू योजना सहसा पुढे चालते. पण हप्ता, औषधांची यादी, डॉक्टरांची यादी दरवर्षी बदलते. म्हणून ‘गेल्या वर्षीचंच राहू दे’ म्हणण्याआधी पत्र उघडा.

जाता जाता आपल्या घराकडे बघू. आपल्याकडे सीजीएचएस १९५४ साली दिल्लीत सुरू झालं. टपालखात्याचे स्वतःचे वेगळे दवाखाने होते. सातव्या वेतन आयोगाने २०१५ साली असे ३३ दवाखाने सीजीएचएसमध्ये विलीन करा आणि टपालाच्या सगळ्या पेन्शनरांना त्यात घ्या, अशी शिफारस केली. म्हणजे तोवर सगळे त्यात नव्हते. जिथे सीजीएचएस पोचलंच नाही तिथे राहणाऱ्या पेन्शनरच्या वाट्याला निश्चित वैद्यकीय भत्ता येतो. २०१७ च्या जुलैपासून तो महिना हजार रुपये झाला. तालुक्याच्या गावी रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांना तरी तो पुरतो का, हे ज्याचं त्याला माहीत. आणि वाडीवस्तीवर पत्रं पोचवणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाला तर नियमित कर्मचाऱ्यासारखी ही सोयच नाही.

दोन्ही देशांत आजारपण सारखंच येतं. फरक पडतो तो आपण कोणत्या तारखेला कोणत्या यादीत होतो याने. त्या याद्या संसदेत, वेतन आयोगात आणि वाटाघाटींच्या टेबलावर ठरतात, आणि तिथे आवाज पोचवणं हे संघटनेचं काम. पण यादीत आपलं नाव वेळेत आहे का, हे बघणं घरच्यांनाच करावं लागतं. तेव्हा खात्यातून निवृत्त झालेलं कोणी तुमच्या घरी असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि कपाटातली ती फाइल एकदा खाली काढा.