वसईचा किल्ला

वसईचा किल्ला हे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यात, वसईच्या खाडीच्या मुखाशी वसलेले पोर्तुगीजकालीन तटबंद शहर आहे. रूढ नाव ‘किल्ला’ असले, तरी तटाच्या आत केवळ शिबंदी नव्हती. रस्ते, चर्च, मठ, विद्यालय व निवासी वाडे असलेले ते एक संपूर्ण नगर होते. आज दिसणारे अवशेष मुख्यतः या नगराचे आहेत.

इतिहास

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे हे शहर गोव्याखालोखाल महत्त्वाचे ठरले व पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे बनले. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे असल्यामुळे वसईवरही त्याचीच सत्ता होती. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया स्पॅनिश अमलाखालील मनिला येथे फ्रान्सिस्कन पंथात सामील झाले. १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे त्यांना धर्मासाठी मृत्युदंड झाला आणि १८६२ मध्ये संतपद देण्यात आले.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजेने दीर्घ वेढा दिला. तटाखाली सुरुंग लावून बुरूज पाडण्यात आले. दोन्ही बाजूंची मोठी प्राणहानी झाल्यावर मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली. सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तहही वसईचाच होय.

रचना

समुद्राकडील व जमिनीकडील असे शहराचे दोन मुख्य दरवाजे आहेत. आतील बालेकिल्ला हा पोर्तुगीजांच्या वसाहतीचा आरंभीचा भाग होय. बांधकामात काळा दगड व चुना वापरला आहे. वसईचा हा दगड गोव्यातील बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागासाठीही नेण्यात आला होता. सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा, जेझुइटांच्या चर्चचा कोरीव दर्शनी भाग आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधील जमिनीत बसवलेल्या लेखयुक्त थडग्यांच्या शिळा हे विशेष पाहण्यासारखे आहेत. आवारात नागेश्वराचे मंदिर व चिमाजी आप्पांचे स्मारक आहे.

वारसा

विजयानंतर येथील चर्चच्या घंटा मराठी मुलखात नेण्यात आल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर व वाईजवळील मेणवली येथे त्या आजही आहेत. शहर ओस पडले, परंतु परिसरातील ख्रिस्ती समाज टिकून राहिला. सामवेदी यांसारख्या मराठीच्या बोली तो आजही बोलतो. त्यामुळे वसई हे एका विजयाचे स्मारक आहे, तसेच एका मिश्र संस्कृतीचे उगमस्थानही आहे. केवळ रणभूमी म्हणून पाहिल्यास येथील चर्च, थडगी व रस्ते यांचा अर्थ लागत नाही. येथील वास्तूंचा सविस्तर परिचय जे. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौल व वसईविषयक इंग्रजी ग्रंथात आढळतो.

सद्यस्थिती

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अनेक वास्तूंची छपरे नष्ट झाली असून भिंतींत वड-पिंपळ रुजले आहेत. त्यांची मुळे दगडांचे सांधे सैल करतात, म्हणून नियमित झाडतोड व चुन्याची दुरुस्ती आवश्यक ठरते. भिंतींवर नावे कोरल्याने कोरीवकामाची न भरून येणारी हानी होते.

जाण्याचा मार्ग

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावरून बस व रिक्षाने किल्ल्यापर्यंत जाता येते. पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा आहे.