डोंगरातला जुना नर : अमेरिकेच्या सार्वजनिक जमिनीवरील म्यूल डिअरची शिकार

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील पर्वतरांगा, पठारे आणि झुडपी माळराने हे म्यूल डिअर या हरिणाचे घर होय. आपल्या चितळाहून अंगाने मोठे, पण सांबराहून लहान असे हे जनावर आहे. खेचरासारखे लांबरुंद आणि सतत हलणारे कान ही त्याची पहिली खूण. १८०४ साली पश्चिमेच्या शोधात निघालेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत त्याची नोंद झाली आणि कानांवरूनच त्याला हे नाव मिळाले. शेपटी पांढरट, तिचे टोक काळे. नराची शिंगे आधी दुभंगतात आणि मग प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगतो. पूर्वेकडच्या श्वेतपुच्छ हरिणात एकाच मुख्य दांड्यावर टोके उभी राहतात. या दोन जातींमधला तो सहज कळणारा फरक आहे. घाबरल्यावर हे हरीण सरळ धावत सुटत नाही. चारही पाय एकदम उचलून स्प्रिंगसारख्या उसळ्या घेत ते उभ्या चढावर निघून जाते. पाठलाग करणाऱ्याला वाटेतला प्रत्येक दगड आणि ओंडका वळसा घालून ओलांडावा लागतो, आणि तेवढ्या अवधीत हरीण डोंगराच्या पलीकडे गेलेले असते.

या हरिणाच्या शिकारीला पश्चिम अमेरिकेत मोठी परंपरा आहे, आणि त्यातही जाणकारांचे लक्ष असते ते जुन्या नराकडे. नराची शिंगे दर हिवाळ्यात गळतात, वसंतात नवी फुटतात, उन्हाळाभर मखमली त्वचेखाली वाढतात आणि सप्टेंबरच्या सुमारास ती त्वचा घासून काढली जाते. दरवर्षी हा खेळ नव्याने होत असला तरी शिंगांचा खरा भरदारपणा येतो तो वयाच्या पाचव्या वर्षानंतर. तोपर्यंत शरीराची वाढ पुरी झालेली असते आणि खाल्लेले अन्न शिंगांकडे वळू शकते. अडचण एवढीच, की बहुतेक नर त्या वयापर्यंत पोहोचतच नाहीत. पहिला हिवाळा, कोयोटे, प्यूमा, महामार्गावरची वाहने आणि दरसालचा शिकारीचा मोसम या सगळ्यांतून पाच-सहा वर्षे सुटलेला नर हा कळपातला अपवाद असतो.

नवखा शिकारी शिंगांची टोके मोजतो. मुरलेला आधी शरीर पाहतो. खोल छाती, किंचित झोळलेले पोट, खांद्यात मिसळून गेलेली जाड मान, करडा पडलेला चेहरा आणि संथ, सावध हालचाल ही वयाची लक्षणे. नेमके वय मात्र मेल्यावरच कळते. दाताच्या मुळाशी वर्षागणिक साचणारे थर, झाडाच्या खोडातली वर्तुळे मोजावीत तसे, प्रयोगशाळेत मोजले जातात. शिंगांची मापे घेण्याची रूढ पद्धत बून अँड क्रॉकेट क्लबची आहे. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली स्थापलेल्या या संस्थेने सध्याची गुणपद्धत १९५० साली रूढ केली. प्रमाणबद्ध शिंगांच्या वर्गातला विक्रम १९७२ साली कोलोरॅडो राज्याच्या डोलोरेस परगण्यात मारलेल्या नराचा आहे : २२६.५ गुण. पन्नास वर्षे उलटूनही तो अबाधित आहे.

जमीन राष्ट्राची, हरीण राज्याचे

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्दच गुन्ह्याच्या बाजूला गेला. त्यामुळे अमेरिकेतली व्यवस्था मराठी वाचकाला काहीशी चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. तेथे वन्यप्राणी कोणा जमीनदाराच्या मालकीचे नसतात. राज्य सरकार ते जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते. पश्चिमेकडची बरीचशी जमीन मात्र केंद्र सरकारची आहे. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे सुमारे २४.५ कोटी एकर आणि वनसेवेकडे सुमारे १९.३ कोटी एकर जमीन आहे. नेवाडा राज्याचा सुमारे ८० टक्के, तर यूटाचा ६० टक्क्यांहून अधिक भूभाग केंद्राच्या ताब्यात आहे. राष्ट्रीय उद्यानांत शिकारीला सर्वसाधारणपणे मनाई असते. परंतु राष्ट्रीय वने आणि मोकळी सरकारी माळराने परवानाधारक शिकाऱ्याला खुली असतात. तेथे जाण्यासाठी ना जमीनदाराची परवानगी लागते, ना त्याला पैसे मोजावे लागतात. युरोपातल्या जहागिरी शिकारीपासून ही पद्धत वेगळी पडते ती येथे.

या दुहेरी मालकीचा कस ॲरिझोनातील कायबाब पठारावर लागला. १९०६ साली रूझवेल्ट यांनी ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेचा हा प्रदेश संरक्षित घोषित केला, हरणांची शिकार बंद झाली आणि प्यूमा, कोयोटे, लांडगे सरकारी शिकाऱ्यांकरवी मारले गेले. गुरांची चराईही कमी झाली. हरणे बेसुमार वाढली, झुडपे ओरबाडली गेली आणि १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत ती उपासमारीने मोठ्या संख्येने मेली. कळप नेमका किती मोठा होता यावर पुढे अभ्यासकांत बराच वाद झाला; मोठे आकडे अंदाजाचेच होते. मेंढरांप्रमाणे हाकारा घालून ही हरणे दरीपार दक्षिणेला नेण्याची एक अचाट योजना १९२४ च्या डिसेंबरात अमलात आणली गेली. हिमवादळात माणसे चालली, घंटा वाजल्या आणि एकही हरीण दरीपार गेले नाही. वनसेवेने अखेर हरणे मारण्याचे ठरवले, तेव्हा ॲरिझोना राज्याने आपल्या शिकार कायद्यावर बोट ठेवले. १९२८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आपली जमीन उद्ध्वस्त होण्यापासून वाचवण्याचा केंद्राला अधिकार आहे. आज त्याच कायबाब पठारावरचा शिकारीचा परवाना पश्चिमेतल्या सर्वांत हव्याशा परवान्यांपैकी एक गणला जातो.

खर्चाची बाजूही शिकाऱ्यांवरच आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील उत्पादन शुल्क वन्यजीव व्यवस्थापनासाठी राज्यांना मिळते. लांब नळीच्या बंदुकांवर आणि दारूगोळ्यावर ते ११ टक्के आहे. परवान्याचे शुल्क त्यात भर घालते. मांसाची विक्री मात्र बेकायदा आहे. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या कत्तलीने हे हरीण पुष्कळ भागांतून जवळजवळ नाहीसे केले होते, त्याची ही आठवण आहे.

सोडत

परवाना मागितला आणि मिळाला असे क्वचितच होते. प्रत्येक राज्य आपला प्रदेश शिकार-विभागांत वाटते, कळपांची गणना करते आणि प्रत्येक विभागासाठी ठरावीक परवाने काढते. कोलोरॅडोत १९९९ पासून हरणांचे सर्व परवाने मर्यादित आहेत. अर्ज नामंजूर झाला की एक गुण जमा होतो. कोलोरॅडोत ज्याचे गुण अधिक त्याला आधी परवाना मिळतो. नेवाडात गुणांच्या वर्गाइतक्या चिठ्ठ्या सोडतीत पडतात, म्हणजे जुन्या अर्जदाराची शक्यता वाढते, पण नवख्याचेही दार बंद होत नाही. जुने नर टिकून राहिलेल्या विभागांसाठी दहा, पंधरा, वीस वर्षे वाट पाहणारे लोक आहेत. परराज्यातल्यांना परवाने थोडे आणि शुल्क अनेकपट. जुना नर ज्या विभागात आढळतो तेथे तो आढळतो याचे कारणच हे, की दरसाल थोड्याच लोकांना आत सोडले जाते. सामान्य परवान्यावर सहज जाता येणाऱ्या विभागात शोध मग रस्त्यापासून दूर, अधिक दूर सरकत जातो.

दुर्बिणीची शिकार

म्यूल डिअरची डोंगरी शिकार ही मुख्यतः बसून पाहण्याची शिकार आहे. ऑगस्टअखेरीस नर वृक्षरेषेच्या वर, ३,००० मीटरहून उंच अशा गवताळ खोऱ्यांत टोळीने चरत असतात. मखमली शिंगे नाजूक असल्याने ते उघड्यावर राहणे पसंत करतात. धनुष्यबाणाचा मोसम बहुधा याच सुमारास सुरू होतो. शिकारी अंधारात कडा चढतो, तिपाईवर दुर्बीण लावतो आणि समोरचा उतार चौकोन चौकोन करून तपासतो. त्याला अख्खे हरीण दिसेल अशी अपेक्षा नसते. कानाची फडफड, शिंगाचे टोक, झुडपातली आडवी रेघ एवढे पुरते. उजाडल्यानंतर तासाभरात नर सावली गाठून बसतो आणि मग तो कोठे बसला हे ठाऊक असणे हीच अर्धी शिकार. बसलेला जुना नर बहुधा पाठीशी खडक वा झाडे आणि समोर उतार अशी जागा निवडतो.

यानंतरचा प्रश्न वाऱ्याचा. ऊन चढू लागले की तापलेली हवा उतारावरून वर सरकते. संध्याकाळी थंड हवा खाली वाहते. या दोन्हींच्या मधल्या घटकाभरात वारा कोणत्याही दिशेने वळतो, आणि त्या वेळी पुढे सरकणे हा उतावळेपणाच ठरतो. वारा वर चढता झाल्यावर वरच्या अंगाने खाली उतरणे ही रूढ रीत आहे.

शिंगे घासून झाली की नर एकटे होतात आणि दाट झाडीत शिरतात. ऑक्टोबर हा म्हणूनच निराशेचा महिना मानला जातो. बंदुकीचे अनेक मोसम नेमके याच काळात असतात. नोव्हेंबरात समागमाचा काळ सुरू झाल्यावर एरवी न दिसणारा नर मादीमागे उघड्यावर येतो. जुन्या नरांचे संरक्षण करावयाचे असल्यास या दिवसांतले परवाने अत्यंत मोजके ठेवावे लागतात, आणि राज्ये बहुधा तसे ठेवतात.

गोळी लागल्यानंतरचे काम अधिक कष्टाचे. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या वनप्रदेशांत मोटार तर नाहीच, सायकलही चालत नाही. हरीण जागेवर सोलून, मांडे-फऱ्यांचे तुकडे करून, पाठीवरच्या पिशवीतून ते कित्येक किलोमीटर खाली आणावे लागते. खाण्याजोगे मांस टाकून केवळ शिंगे आणणे हा गुन्हा आहे.

बर्फ, वाटा आणि कोपरे

हरणांचे भवितव्य मात्र शिकारीच्या मोसमात ठरत नाही; ते जानेवारी-मार्चमध्ये, खालच्या माळावर ठरते. उन्हाळ्यात साठवलेली चरबी आणि बर्फाबाहेर डोकावणारी सेजब्रश, बिटरब्रश ही झुडपे एवढ्यावर हिवाळा काढायचा असतो. पाडसे आधी मरतात. समागमाच्या धावपळीत खंगलेले मोठे नरही मरतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये पाडसांची जवळजवळ सगळी पिढी नाहीशी झाली, आणि राज्याला परवान्यांत मोठी कपात करावी लागली. सेजब्रशच्या माळांवर चीटग्रास हे परके गवत पसरते, ते वारंवार पेटते आणि जळालेली झुडपे सहजी परत येत नाहीत.

उन्हाळी डोंगर आणि हिवाळी माळ यांना जोडणाऱ्या वाटा पिढीजात असतात. पाडस त्या आईमागून शिकते. वायोमिंगच्या रेड डेझर्टपासून होबॅक खोऱ्यापर्यंतची सुमारे २४० किलोमीटरची वाट २०१४ साली जगापुढे आली. पाइनडेल गावाजवळ फ्रीमाँट सरोवराच्या तोंडाशी ती इतकी चिंचोळी होते, की तेथली जमीन संवर्धनासाठी विकत घ्यावी लागली. त्याच भागात ट्रॅपर्स पॉइंट येथे महामार्गावरून प्राण्यांसाठी पूल २०१२ साली झाला. २०१८ साली केंद्राच्या गृहखात्याने, ज्याच्याकडे तेथे सरकारी जमिनींचा कारभार असतो, अशा वाटांच्या संरक्षणाचा आदेश काढला.

माणसांच्या वाटेचा तिढा वेगळाच. १८६२ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगतचे चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक दिले गेले, आणि बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन तयार झाली : एक घर खासगी, एक सरकारी. सरकारी घरातून पुढच्या सरकारी घरात जाण्यास फक्त कोपरा असतो. २०२१ साली मिसुरीच्या चार शिकाऱ्यांनी वायोमिंगमधील एल्क माउंटनवर असा कोपरा शिडी लावून, खासगी मातीला पाय न लावता ओलांडला. जमीनमालकाने हवेतल्या अतिक्रमणाचा दावा लावला. ज्यूरीने २०२२ साली फौजदारी खटल्यात त्यांना निर्दोष ठरवले. दिवाणी दाव्यात अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये, सरकारी जमीन कुंपणात कोंडण्यास मनाई करणाऱ्या १८८५ च्या कायद्याचा आधार घेऊन शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तपासण्यास नकार दिला. त्याच वर्षी जूनमध्ये सिनेटमधील विधेयकातून सार्वजनिक जमिनीचा काही भाग विकण्याची तरतूद मागे घ्यावी लागली; विरोधात शिकारी संघटना आघाडीवर होत्या.

वयाचा आजार

जुन्या नराची प्रतिष्ठा ज्याने खऱ्या अर्थाने अडचणीत आणली तो एक रोग आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरीणकुळाला होणारा मेंदूचा असाध्य विकार कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथील बंदिस्त म्यूल डिअरमध्ये १९६७ साली प्रथम आढळला. प्रिऑन नावाची विकृत प्रथिने त्यास कारण असतात आणि ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात. प्रौढ नरांत या रोगाचे प्रमाण माद्यांच्या सुमारे दुप्पट आढळते; नर दूरवर भटकतो, अनेकांच्या संपर्कात येतो. माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तथापि बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. बाधित भागांतून मेंदू आणि पाठीचा कणा बाहेर नेण्यास अनेक राज्यांनी बंदी केली आहे.

यावर कोलोरॅडोने ठरवलेला उपाय शिकाऱ्यांना सर्वांत बोचणारा आहे. प्रौढ नरांतील लागण पाच टक्क्यांवर गेलेल्या कळपांत नरांची संख्या, विशेषतः वयस्क नरांची, मुद्दाम कमी करणे. म्हणजे ज्या नरासाठी वीस वर्षे गुण साठवले जातात, तो मोठा होण्याआधीच मारला जावा म्हणून अधिक परवाने देणे. काही शिकाऱ्यांनी हे कळप बिघडवणे आहे अशी तक्रार केली. तर लागण वाढू दिली तर जुने नर एरवीही उरणार नाहीत, असे जीवशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. परवान्यांचा आकडा दर वसंतात राज्याचा आयोग जाहीर बैठकीत ठरवतो, आणि त्या बैठकीला दोन्ही बाजूंचे लोक हजर असतात.