पेटंट मिळाले, तरी ते टिकेल का?

पेटंटचे प्रमाणपत्र हाती पडले की यंत्रावरील आपला हक्क पक्का झाला, अशी अनेक लघुउद्योजकांची समजूत असते. ही समजूत किती फसवी ठरू शकते, हे उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या दोन पेढ्यांमधील खटल्यावरून दिसते.

मिर्झापुरात पितळ व जर्मन सिल्व्हरची भांडी बनतात. पूर्वी लेथवर काम करताना भांडे हेडस्टॉकवर एकाच बाजूने बसविले जाई. दुसऱ्या बाजूला आधार नसल्याने ते फिरताना उडून कामगाराला इजा होण्याचा धोका असे. 'हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज' या पेढीने टेलस्टॉककडून दाब देऊन भांडे घट्ट धरून ठेवणारे साधन बसविले आणि त्यावर डिसेंबर १९५१ पासूनचे पेटंट मिळविले. त्याच गावातील 'बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम' या पेढीने हीच पद्धत वापरल्याचा आरोप करून तिने दावा लावला. प्रतिपक्षाने पेटंटच रद्द करण्याची मागणी केली.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले. खंडपीठाने अपिलात तो निर्णय फिरविला. अखेर डिसेंबर १९७८ मध्ये न्या. सरकारिया व न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने पेटंट रद्दबातल ठरविले. तोवर १६ वर्षांची तत्कालीन मुदतही उलटून गेली होती.

साधन उपयुक्त आहे, एवढ्याने भागत नाही, हा या निकालाचा गाभा. टेलस्टॉकचा आधार लेथच्या जाणकारांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. ज्ञात वस्तूत केलेली सुधारणा ही केवळ कारखान्यातील किरकोळ फेरफार असता कामा नये. तीत स्वतंत्र कल्पकता हवी, असे न्यायालयाने म्हटले. पेटंट दिले गेले म्हणून त्याच्या वैधतेची हमी मिळत नाही, हेही स्पष्ट केले.

पेटंट कायदा, १९७० नुसारही हेच तत्त्व लागू आहे. शोध नवा नसेल, त्यात कल्पकता नसेल किंवा तो उपयुक्त नसेल, तर कलम ६४ अन्वये पेटंट रद्द होऊ शकते. निसर्गनियमांना उघड छेद देणारी कल्पना, उदाहरणार्थ इंधनाविना अखंड चालणारे यंत्र, कलम ३ प्रमाणे शोधच मानली जात नाही. तपशीलपत्रात कृती अपुरी सांगितली, म्हणजे जाणकाराला त्यावरून यंत्र उभारता आले नाही, तरी पेटंट धोक्यात येते.

अर्ज नाकारला गेल्यास कलम ११७-अ अन्वये तीन महिन्यांत अपील करता येते. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्याने ही अपिले आता उच्च न्यायालयात चालतात. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वीच जुन्या पेटंटांचा कसून शोध घेणे, हाच वेळ आणि पैसा वाचविण्याचा मार्ग ठरतो.