परिचर्या-कार्यभार मापन (इलेक्ट्रॉनिक)

रुग्णाच्या संगणकीय नोंदींवरून परिचारिकांवर पडणारे काम मोजण्याची पद्धत. त्याआधीचा हिशेब खाटांचा. भारतीय परिचर्या परिषदेचा, अध्यापन रुग्णालयांतील सर्वसाधारण वॉर्डासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका हा निकष त्याच जातीचा. शेजारशेजारच्या दोन खाटांवरचे रुग्ण सारखेच काम मागत नाहीत, हे अशा प्रमाणात दिसत नाही.

रुग्णागणिक गुण देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अतिदक्षता विभागातला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून १९७४ साली ‘टिस’ ही गुणपद्धती आली. तिचा भर उपचारांवर होता. २००३ मध्ये नेदरलँड्समधील दिनिस रेइस मिरांडा व सहकाऱ्यांनी १५ देशांतील ९९ अतिदक्षता विभागांतल्या पाहणीवरून ‘नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर’ सिद्ध केला. त्यात २३ बाबी असून, १०० गुण म्हणजे एका परिचारिकेचे २४ तासांचे काम.

हे गुण हाताने भरणे म्हणजे थकलेल्या पाळीवर आणखी एक फॉर्म. म्हणून दिलेली औषधे, तपासलेली नाडी व रक्तदाब, बदललेले ड्रेसिंग यांच्या नोंदींतूनच संगणकाने ते काढावेत, ही कल्पना पुढे आली. स्वित्झर्लंडमधील ‘एलईपी’ पद्धतीत नोंदवलेल्या प्रत्येक कृतीला प्रमाणित मिनिटे जोडलेली असतात.

मात्र संगणकाला कळते ते लिहिलेलेच. वर सांगितलेल्या स्कोअरमध्ये तासागणिक नाडी-रक्तदाब व द्रवपदार्थांचा ताळेबंद ठेवण्याला ४.५ गुण आहेत, तर नातेवाइकांना वा रुग्णाला सुमारे तीन तास वा अधिक आधार देण्याला ३२. पहिल्या कामाच्या नोंदी आपोआप साचतात. दुसऱ्याची ओळसुद्धा बहुधा कोणी टंकत नाही. पाळी संपताना एकदम भरलेल्या नोंदींवरची वेळही कामाची नसते, टंकण्याची असते. शिवाय नोंदी ठेवणे हेही कामच आहे: त्याच स्कोअरमध्ये प्रशासकीय कामे सुमारे चार तास वा अधिक चालली तर त्यांना ३० गुण मिळतात. नवे सॉफ्टवेअर भार मोजता मोजता वाढवूही शकते, हे खरेदीच्या बैठकीत क्वचितच निघते.

फिनलंडच्या ‘राफाएला’ पद्धतीने यावर वेगळी वाट काढली. तीत रुग्णाच्या गरजा सहा क्षेत्रांत, प्रत्येकी चार पातळ्यांवर दररोज नोंदवतात. परंतु वॉर्डाला योग्य भार किती, ते ठरवताना काही आठवडे परिचारिकांनाच रोजचा ताण विचारला जातो. त्यातून निघालेल्या पातळीच्या १५ टक्के खाली-वरपर्यंतचा भार समाधानकारक मानतात.