गाडी वेशीवर ठेवावी...

‘पार्क अँड राइड’ हे शब्द हल्ली पुण्याच्या वाहतुकीचा विषय निघाला की हमखास कानावर पडतात. शहराच्या वेशीवर आपली गाडी लावायची आणि पुढे बसने नाहीतर मेट्रोने गावात जायचे, एवढाच त्याचा अर्थ. कल्पना परदेशातून आली असे सगळे समजतात. मला मात्र ती ऐकली की मावळातले सायकल स्टँड आठवतात.

पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. वडगाव, कामशेत, मळवली अशा स्थानकांवर आसपासच्या खेड्यांतली माणसे सायकलने यायची. स्टँडवर सायकल लावायची, बिल्ला खिशात टाकायचा आणि लोकल पकडून चिंचवड, खडकी नाहीतर शिवाजीनगर गाठायचे. संध्याकाळी बिल्ला दिला की सायकल परत. यासाठी कुणी सल्लागार नेमला नव्हता की आराखडा केला नव्हता! लोकल मिळणार आणि आल्यावर सायकल जागेवर सापडणार, एवढी खात्री माणसाला पुरत होती.

खुद्द पुण्यात तेव्हा असल्या सोयीची गरजच नव्हती. महानगरपालिका १९५० साली झाली आणि त्याच वर्षी पी.एम.टी. पण बहुतेकांचा भरवसा सायकलवर. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती. सायकलला कर होता, त्याचा बिल्ला लावावा लागे, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस अडवत. सदाशिव पेठेतून कॅम्पात जायला सायकल पुरे, आणि ती उभी करायला भिंतीचा कोपरा पुरे.

१९७२ साली लूना आली. बजाजची स्कूटर होतीच, पण तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि गिअर टाकायचीही कटकट गेली. हा सगळा इतिहास मी शाळेच्या आवारातल्या स्टँडवर बसल्या जागी पाहिला. आधी शिक्षकांच्या सायकली जाऊन लूना आल्या, मग मुलांच्या सायकली कमी झाल्या, आणि मी निवृत्त झालो तेव्हा अकरावी-बारावीच्या मुलांच्या गाड्या लावायला जागा पुरत नव्हती. (त्यातल्या किती जणांकडे लायसन्स होते, हे विचारू नका.)

आता प्रश्न आला, एवढ्या गाड्या ठेवायच्या कुठे? त्याचे पुण्याने दिलेले उत्तर पाहायचे असेल तर मंडईत जावे. गंगाधरपंत पाठक यांनी १९१५ साली तिथे आर्यन थिएटर काढले. पुण्याचे हे पहिले चित्रपटगृह. १९८३ साली ते पाडले आणि त्या जागी वाहनतळ झाला. जवळच्या मिनर्व्हा टॉकीजच्या जागीही वाहनतळच आला. ज्या गावाने नाटक-सिनेमावर जीव टाकला, त्याने गाड्या ठेवायला आपली थिएटरे दिली! जुन्या प्रेक्षकाला याचे वाईट वाटणारच, पण माझा आक्षेप वेगळा आहे. व्यापारी म्हणत, गिऱ्हाईक गाडी घेऊन येते, त्याची सोय करा. ते चूक नव्हते. पण गावाच्या मध्यभागी गाडीची सोय केली, म्हणजे गाडीला गावात येण्याचे निमंत्रणच दिले. एक गाडी आत शिरली की दुसरीला जागा मिळेना, आणि ती लक्ष्मी रस्त्यावरून तीन चकरा मारू लागली. मग रस्त्यांवर सम-विषम तारखांच्या पी-१, पी-२ पाट्या लागल्या. रस्त्याची एक बाजू गाड्यांना देऊन टाकल्याचीच ती कबुली होती.

त्याच काळात इतरांनी काय केले? ऑक्सफर्ड हेही जुने, अरुंद गल्ल्यांचे आणि विद्येचे माहेरघर म्हणवणारे गाव. तिथे जुन्या भागाला धक्का लावून नवे मोठे रस्ते काढायचे बेत बरीच वर्षे चालले होते. ते बाजूला ठेवून त्यांनी १९७३ साली रेडब्रिजला, गावाबाहेर, कायमचा वाहनतळ केला आणि तिथून गावात बस सोडली. पुढे असे आणखी वाहनतळ झाले आणि ते आजही चालू आहेत.

सिंगापूरची गोष्ट जास्त बोधप्रद आहे. जून १९७५ मध्ये त्यांनी सकाळच्या वेळी मध्यवस्तीत शिरणाऱ्या मोटारींना दिवसाला तीन डॉलरचा परवाना लावला. मोटारीत चार माणसे असली तर माफी. शिवाय कडेने सुमारे १०,००० मोटारी मावतील एवढे वाहनतळ बांधले आणि तिथून खास बस ठेवल्या. झाले काय, तर सकाळी शहरात शिरणाऱ्या मोटारी निम्म्याहून कमी झाल्या, आणि वाहनतळ मात्र जवळजवळ ओस पडले! लोकांनी घरापासूनच साधी बस धरली नाहीतर शेजाऱ्यांना मोटारीत घेतले. गर्दी कमी झाली ती आत येण्याला किंमत लागल्यामुळे. कडेच्या वाहनतळांचा त्यात फारसा वाटा नव्हता.

आपल्याकडे हा धडा फार आधीपासून माथेरानला आहे. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे भल्याभल्यांची गाडी दस्तुरी नाक्याला थांबते. पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने. गाडी आत नेताच येत नाही म्हटल्यावर कुणी कुरकुरत नाही.

उलट अनुभव सिंहगडाचा. मे २०२२ मध्ये गडाच्या घाटात खाजगी गाड्या बंद करून पायथ्याला वाहने लावायची आणि पी.एम.पी.च्या ई-बसने वर जायचे, असे ठरले. कल्पना चांगली होती. पण सुट्टीच्या गर्दीला बस पुरेनात, घाटातल्या बसच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला, आणि त्याच महिन्यात सेवा बंद पडली. ‘पार्क’ झाले, ‘राइड’ जमले नाही. मावळातल्या सायकलवाल्याला जी खात्री होती, ती इथे कुणी देऊ शकले नाही.

आता मेट्रो आहे. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी असे तिचे पहिले टप्पे सुरू झाले, सप्टेंबर २०२४ मध्ये ती जमिनीखालून मंडईवरून स्वारगेटला पोचली. म्हणजे ज्या मंडईत थिएटरे पाडून वाहनतळ केले, तिथेच आता गाडीशिवाय उतरता येते. गणेशोत्सवात मध्यभागाचे रस्ते बंद असतात, तेव्हा पुणेकर निमूटपणे लांब गाडी लावून गणपती बघायला चालत येतो किंवा मेट्रोने मंडईला उतरतो. दहा दिवस जमते ते उरलेले दिवस का जमू नये? कारण उरलेले दिवस आत जागा मिळते, आणि रस्त्यावर तर बहुधा फुकटच. मार्च २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंगचे धोरण मंजूर केले, पाच रस्त्यांवर पैसे घेऊन प्रयोग करायचे ठरले. विरोध झाला आणि तो प्रयोग वर्षानुवर्षे कागदावरच राहिला.

आणि जागा? ती पुण्याकडे होती. गावात येणाऱ्या मोठमोठ्या रस्त्यांवर जकात नाके होते, तिथे मालमोटारी रांगेने उभ्या राहत. २०१३ साली जकात गेली आणि नाके रिकामे झाले. शेवाळेवाडीसारख्या नाक्याच्या जागेवर पी.एम.पी.च्या बस उभ्या राहू लागल्या, ते योग्यच झाले. अशा ज्या जागा अजून सार्वजनिक आहेत, तिथे इमारत उभी राहण्याआधी गाड्या लावायची सोय करावी, आणि शेजारीच दर दहा मिनिटांनी सुटणारी बस ठेवावी. गाडी लावल्याच्या पावतीवरच बसचे आणि मेट्रोचे तिकीट चालावे. आधी बस सुरू करावी, वाहनतळाची फीत नंतर कापली तरी चालेल.