हारिती आणि डाकीण



जळगावात राहून अजिंठा न पाहिलेला माणूस विरळा. लेण्यांचा जिल्हा दुसरा, पण स्टेशन आपले. अंतर साठेक किलोमीटरचे. शाळेची सहल जाते, पाहुणे आले की त्यांना घेऊन आपण जातो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर घटकाभर थांबतो आणि दुसऱ्यात छताची नक्षी पाहत पुढे सरकतो. ह्या दुसऱ्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या उजव्या अंगाला एक लहानसे देवघर कोरलेले आहे. त्यात एक जाडजूड यक्ष आणि त्याची बायको शेजारी शेजारी बसली आहेत. बायकोच्या मांडीवर मूल आहे. त्यांच्या बैठकीच्या पट्टीवर शिल्पकाराने एक शाळाच भरवली आहे: छडी घेतलेले पंतोजी, पुढे निमूट बसलेली पोरे आणि मागे खेळण्यात दंग झालेली. पंधराशे वर्षांत वर्गाची मांडणी फारशी बदललेली नाही, हे पाहून शिक्षकांना बरे वाटावे!

ही बाई म्हणजे हारिती. पाहणाऱ्याला ती लेकुरवाळी माउली दिसते. परंतु तिची मूळची कथा फार भयंकर आहे.

राजगृह नगरीत ही यक्षीण राहत असे. तिला स्वतःची पाचशे मुले होती आणि ती नगरातली मुले पळवून खात असे. लोक बुद्धाकडे गेले. बुद्धाने तिचे सर्वांत धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवले. हारितीने सारे त्रिभुवन धुंडाळले आणि शेवटी रडत रडत ती बुद्धापाशी आली. तो म्हणाला, पाचशेंतले एक दिसेना तर तुझी ही गत. ज्यांना एकच होते त्यांचे काय झाले असेल? येथवरची कथा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण माझ्या मते तिचा खरा गाभा ह्यापुढे आहे. हारितीने विचारले की, मी हे सोडले तर मी आणि माझी मुले खाणार काय? प्रश्न रास्त होता. बुद्धाने तिला केवळ उपदेश करून वाटेला लावले नाही. आमचे भिक्षू रोजच्या जेवणातला वाटा तुला देतील, असे त्याने वचन दिले, आणि त्या बदल्यात तिने मुलांचे रक्षण करायचे ठरले. सातव्या शतकाच्या अखेरीस भारतात येऊन गेलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग सांगतो की, इथल्या विहारांतून ओसरीपाशी किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात हारितीची मूर्ती असे आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवले जाई. पुढे ती चीनमार्गे जपानात गेली आणि आजही तिथे बाळंतिणी व मुले ह्यांची राखणदार म्हणून पुजली जाते.

हारितीला आपल्याकडे सख्ख्या बहिणी आहेत. महाभारताच्या सभापर्वातली जरा मांस खाणारी राक्षसी. बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धे अर्धे मूल झाले, ते दाईंनी चव्हाट्यावर टाकून दिले. जरेने ते दोन तुकडे उचलून जुळवले आणि जिवंत झालेला जरासंध राजाला नेऊन दिला. राजाने तिच्या नावाने मगधात उत्सव करायला सांगितला. मुलाबाळांसह जरेचे चित्र भिंतीवर काढणाऱ्या घराची भरभराट होते, असे ती स्वतःच राजाला सांगते. काश्यपसंहिता ह्या बालवैद्यकाच्या जुन्या ग्रंथात 'जातहारिणी' म्हणून एक वर्गच सांगितला आहे. जन्मलेले मूल हरण करणाऱ्या त्या जातहारिणी. आणि आपली सटवाई? सहाव्या रात्री ती बाळाच्या कपाळी लेख लिहायला येते म्हणून कोरा कागद नि लेखणी मांडून ठेवतात. परंतु त्याच रात्री बाळंतिणीच्या खोलीत दिवा विझू देत नाहीत आणि बाळाला एकटे ठेवत नाहीत. लेख लिहायला येणाऱ्या बाईची इतकी धास्ती कशाला? भीती मूळची आहे, आदर मागाहून आला आहे.

दुसरे एक घराणे रोगांचे. लक्ष्मीची थोरली बहीण ज्येष्ठा, म्हणजेच अलक्ष्मी. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी ती वर आली. तिचे वाहन गाढव, निशाणावर कावळा, हाती केरसुणी. आता देवीच्या रोगाची देवता शीतला आठवा: वाहन गाढव, हाती केरसुणी, डोक्यावर सूप. पुराणांतली अलक्ष्मी आणि वेशीजवळची शीतला ह्यांचे साहित्य एकच निघावे, हा निव्वळ योगायोग नव्हे. त्याहून नवल पुढेच आहे. बाबिलोनच्या लोकांची लमाश्तू नावाची एक राक्षसी होती. अनू ह्या आकाशदेवाची ही लेक स्वर्गातून हाकलून दिलेली, बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांवर टपलेली. तिच्या दगडी ताइतांवर तिला सिंहाचे डोके आहे आणि ती गाढवावर आहे. तिला घालवण्याचा विधी पाहा. तिला शिव्या देत नसत. वाटखर्चाला शिधा, केसांना फणी, सूत काढायला चाती देऊन तिची नीट पाठवणी करीत. माहेरवाशिणीची करावी तशी!

मरीआईचा गाडा ह्यापेक्षा वेगळा काय असतो? गावात पटकी शिरली म्हणजे लहानसा लाकडी गाडा करायचा, त्यात देवी बसवायची, हळदकुंकू, नारळ, नैवेद्य द्यायचा आणि वाजतगाजत शिवेपार पोचवायची. शेजारचे गाव तिला पुढच्या शिवेवर नेऊन सोडी. शेजारधर्म म्हणून हा फारसा शोभत नाही, हे कबूल. तरी वागणूक पाहुणीची आहे. जळगावच्या आसपास अनेक गावांत मरीमातेच्या जत्रेला बारागाड्या ओढतात. एकमेकींना बांधलेल्या, माणसांनी भरलेल्या गाड्या भगत ओढतो आणि सारा गाव लोटतो. पटकीचे भय गेले, जत्रा राहिली. देवीच्या रोगाचेही तसेच. भारतातला शेवटचा देशी रोगी 1975 साली आढळला आणि 1980 साली सगळ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. शीतलेचे काम संपले, पण तिचा नैवेद्य बंद झाला नाही. तिला पेन्शन मिळाली म्हणा.

आणि केरसुणी? दिवाळीत आपण नवी केरसुणी आणतो, तिला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो आणि त्याच रात्री सूप वाजवीत, केर काढीत अलक्ष्मीला घराबाहेर घालवतो. थोरलीचे हत्यार धाकटीची मूर्ती होऊन बसले, तरी कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

ग्रीक लोकांनी हीच गोष्ट रंगभूमीवर मांडली. इसवी सनापूर्वी 458 साली अथेन्समध्ये एस्किलस ह्या कवीची तीन नाटकांची मालिका झाली. तिच्या शेवटी, आईच्या खुनाचा सूड मागत मुलाच्या पाठी लागलेल्या काळ्याकभिन्न देवता नगरात येतात. अथेना त्यांना हरवून हाकलून देत नाही. आमच्या टेकडीखाली तुम्हांला घर देतो, पूजा देतो, तुम्ही आमच्या शेतांचे आणि लेकरांचे रक्षण करा, असा करार करते. अजिंठ्यातला आणि अथेन्समधला करार असा एकाच मसुद्याचा आहे: घर, अन्न आणि काम.

आता जिच्यासाठी हे सारे सांगितले, तिच्याकडे वळतो.

सातपुड्यात आणि त्याच्या उतारावर डाकीण म्हणतात ती ना दगडाची, ना चित्रातली. ती शेजारच्या झोपडीत राहते. शब्द संस्कृत 'डाकिनी'पासूनचा. तिबेटातल्या बौद्धांनी हाच शब्द आकाशात संचार करणाऱ्या ज्ञानदात्या देवतेसाठी वापरला आणि तिच्यापुढे मोठमोठ्या आचार्यांनी मस्तक नमवले. आपल्या डोंगरात तो शब्द बाईच्या जिवावर उठतो.

रीत बहुधा अशी असते. मूल दगावते, गाय आटते, धडधाकट माणूस तापाने जातो. भगताला किंवा बडव्याला बोलावतात. तो दाणे पाहतो आणि कुठल्या दिशेला, कुठल्या घरात दोष आहे ते सांगतो. नाव निघते ते पुष्कळदा विधवेचे, मूलबाळ नसलेलीचे, भावकीच्या डोळ्यांत सलणारी जमीन जिच्या नावावर आहे तिचे. मग परीक्षा. भिल्ल मुलखात एकोणिसाव्या शतकात संशयित बाईला झाडाला उलटी टांगून झोके देत, डोळ्यांत मिरची घालीत. कबुली दिली तर ती डाकीण ठरे, न दिली तर झोके चालू राहत. इंग्रजांनी 1818 साली खानदेश घेतला आणि 1825 साली औट्रमने धरणगावी भिल्लांची पलटण उभारली. तेव्हापासून ह्या गोष्टी सरकारी कागदांत येऊ लागल्या. उदेपूरच्या दरबाराने 1853 साली ह्या प्रकाराला बंदी घातली. बंदीने तो थांबला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2000 ते 2012 ह्या काळात देशभरात चेटकाच्या संशयावरून झालेल्या खुनांची संख्या दोन हजारांच्या वर जाते. ही फक्त खुनांची गणना. मार खाऊन गाव सोडलेल्या बायका त्यात नाहीत.

येथे आपण शहरातली माणसे सुटकेचा श्वास टाकतो: हे डोंगरातले, अडाण्यांचे. मला हा श्वास मान्य नाही. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत चेटकी म्हणून चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य बायका होत्या, आणि त्यांना ओळखावे कसे ह्याचा ग्रंथ 1486 च्या सुमारास लिहिणारा माणूस विद्वान धर्मशास्त्री होता. शिक्षा देणारे कायदा शिकलेले होते. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस गावी आन्ना ग्योल्डी ह्या मोलकरणीचा 1782 साली शिरच्छेद झाला. मालकाच्या मुलीच्या दुधात सुया निघाल्या, हा आळ. तिला निर्दोष ठरवायला 2008 साल उजाडले.

आणि आपल्या आळीत काय होते? माझ्या लहानपणी शेजारी एक म्हातारी एकटी राहत असे. आम्ही तिला जिजी म्हणत असू. नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत गेला, पदरी मूल नाही. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द मी प्रथम तिच्याविषयी ऐकला. एकदा तिने माझ्या मुठीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवला. मी घरी येताच आईने माझी मूठ उघडली, सगळे मोरीत टाकले, मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली आणि ती चुलीत टाकली. आई दुष्ट नव्हती. माझ्या आधीचे तिचे एक मूल गेले होते. जिजी आमच्या ओट्यासमोर उभी होती आणि मोहऱ्या तडतडलेल्या तिला ऐकू गेल्या असणार. त्यानंतर तिने मला कधी काही दिले नाही.

मोहऱ्यांचा तो आवाज ऐकून आईला काय वाटले असेल, हे मला आज कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या देशात दर चार-पाच अर्भकांतले एक वर्षाच्या आत जात असे. इतके मोठे दुःख निनावी राहू शकत नाही. माणूस त्याला चेहरा देतो. तो चेहरा दगडाला दिला तर त्याला शेंदूर फासता येतो, नैवेद्य दाखवता येतो, हारितीसारखे मूल मांडीवर देता येते. जिवंत बाईला दिला की तिच्या हातचा गूळसुद्धा मोरीत जातो. हारितीने कथेपुरती का होईना, मुले खाल्ली होती. तिला लेण्यात जागा मिळाली. जिजीने कुणाचे काही खाल्ले नव्हते.

नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे झटत होते त्याचा अध्यादेश चारच दिवसांनी निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. ह्या कायद्याच्या अनुसूचीचे एक कलम आपण सर्वांनी वाचावे असे आहे. अमुक माणूस करणी करतो, जनावराचे दूध आटवतो, अपशकुनी आहे, रोगराईला कारण आहे, असे भासवून त्याचे जगणे कठीण करणे हा त्यात गुन्हा आहे. ह्यापूर्वी कायद्याला जाग येई ती मारहाण किंवा खून झाल्यावर. आता नाव घेणेच गुन्ह्यात आले. 'अपशकुनी' हा शब्द सातपुड्यापुरता नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

मात्र गुन्हा नोंदवायला कुणीतरी ठाण्यात जावे लागते. अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्यावरून धडगावला यायचे म्हणजे पुष्कळदा आधी पायवाट उतरायची, मग गाडीची वाट पाहायची. ज्यांच्याविरुद्ध सांगायचे ते दीर असतात, पुतणे असतात. ठाण्यात जबाब होतो, अंगठा उठतो. संध्याकाळी त्या बाईला त्याच पायवाटेने वर चढून त्याच पाड्यात परत जायचे असते.